'हेवीच द्या,' मॅडम म्हणाल्या

ऑपरेशन थिएटरची गोष्ट आहे म्हटल्यावर तुम्ही काय समजून बसलात ते मला माहितीये. दारावर लाल दिवा, बाहेर येरझाऱ्या घालणारा नवरा, मग घामेजलेला डॉक्टर बाहेर येऊन चष्मा पुसतो आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. तसलं काही नाहीये. आमच्याकडे लाल दिवा होता, पण त्याचा बल्ब गेल्यापासून सिस्टर त्याच्यावर कॅप वाळत घालतात. नवरा खाली वडापाव आणायला गेला होता. आणि डॉक्टर, म्हणजे मी, तीन छोट्या काचेच्या अँप्युलकडे बघत जांभया देत उभा होतो. गोष्ट त्या तीन अँप्युलची आहे. कंटाळा आला तर तुमची काही चूक नाही, मला तर सकाळपासूनच आला होता.

मी भूल देतो. सिझरच्या वेळी बाईला पाठीत जे इंजेक्शन देतात, ज्याने छातीखालचं सगळं बधिर होतं आणि बाई मात्र टक्क जागी राहते, ते देणारा माणूस मी. वसई-विरारच्या छोट्या दवाखान्यांत स्वतःचा भूलवाला नसतो. आम्ही फिरतो. स्कूटरच्या डिकीत बॅग, बॅगेत सुया, नळ्या, औषधं, आणि एका बाजूला दाबून बसवलेला डबा. सकाळी नायगाव, दुपारी वसई, मग विरार. आम्ही म्हणजे मी आणि मॅडम. मॅडम माझ्या वरच्या. त्या या पट्ट्यात इतकी वर्षं भूल देतायत की त्यांच्या हातून पाठीत सुई घेतलेल्या बायकांच्या मुली आता त्यांच्याच हातून घेतात. मी डिप्लोमा करून आलो तेव्हा त्यांनी मला बरोबर घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "बघायचं, शिकायचं, कमी बोलायचं. कळलं?"

बघायचं आणि शिकायचं जमलं.

आता माझी अडचण सांगतो. मला आवाज काढता येतात. वसईला पापडीच्या शाळेत होतो तेव्हा हेडमास्तरांच्या आवाजात मी बाजूच्या वर्गाला अर्धी सुट्टी दिली होती, आणि वर्ग गेला होता. मेडिकलला गेल्यावर वाटलं हे सुटेल. नाही सुटलं. उलट मला वाटतं मी भूल शिकलोच तशी. मॅडम सुई कशी धरतात, तशी मी धरली. मॅडम पेशंटच्या खांद्यावर कसा हात ठेवतात, तसा मी ठेवला. मॅडम "हं" म्हणून थांबतात, मी पण "हं" म्हणून थांबायला लागलो. कोणत्या बाईला कुठलं औषध, किती, हे सगळं मी त्यांच्याकडे बघून केलं. स्वतः डोकं लावून ठरवलंय असं दीड वर्षात फार वेळा झालं नव्हतं. तशी गरजच पडत नव्हती.

त्या दिवशी तिसरी केस होती. ऑक्टोबरचा उन्हाळा. नायगावच्या टॉवरमधल्या एका बाईचं पहाटेपासून सुरू होतं, तिला दिली. मग दुसरीला दिली, तिच्या सासूने मला अर्धा तास सोडलं नाही. "पाठीत इंजेक्शन घेतलं की जन्मभर कंबर दुखते ना हो?" हा प्रश्न मला रोज विचारतात. लग्नात जेवताना विचारतात, भाजी घेताना विचारतात. माझी सख्खी मावशी, जिला सिझर होऊन एकोणीस वर्षं झाली, ती गॅसचा सिलिंडर सरकवताना सुद्धा माझ्याकडे असं बघते जणू सुई मीच मारली होती. मी आधी समजावून सांगायचो. हल्ली "हो हो" म्हणतो आणि पुढे जातो. त्या दिवशी "हो हो" म्हणायचीही ताकद नव्हती.

तर तिसरी केस. चांदीप गावची बाई. शेतावरचं घर, भात उभा होता, कापणी तोंडावर, आणि ही इथे. दुसरं बाळंतपण, पहिलं सिझर, म्हणून आता पण सिझर. मी तिला तपासायला गेलो तर ती खाटेच्या कडेवर बसली होती, पाय खाली सोडून, हातातल्या बांगड्या एकेक काढून रुमालात ठेवत. मी नेहमीचं विचारायला लागलो. दम्याचा त्रास? औषधाची अ‍ॅलर्जी? मागच्या वेळी पाठीतलं इंजेक्शन घेतलं होतं ना, काही त्रास झाला होता?

तिने बांगड्या काढायचं थांबवलं.

"तवा मना सगलं कललं होतं," ती म्हणाली.

"म्हणजे? ओढल्यासारखं, दाबल्यासारखं? ते होतं थोडं."

"कापलेलं कललं. मी ओरडत होते. डॉक्टर बोलतो, घाबरू नको, दुखनार नाय. मी बोलते दुखतंय, तो बोलतो दुखनार नाय. कोनी थांबलं नाय."

हे सांगताना ती रडली वगैरे नाही. बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाली, "या टायमाला दुखलं तर तुमी थांबाल?"

मी म्हटलं, थांबू.

"तुमी थांबाल, पन ते कापनारे थांबतील?"

मी म्हटलं, त्यांना मी थांबवतो. इतकं सोपं वाटलं मला. थकलेला माणूस पटकन हो म्हणतो, वाद नको म्हणून. पण ती माझ्याकडे नीट बघत राहिली, आणि मग तिने उरलेल्या बांगड्या काढल्या. तेव्हा कळलं की हिने ते धरून ठेवलंय. घरून निघाल्यापासून तिला दुसरं काही नकोच होतं. मुलगा-मुलगी, टाके, खर्च, काही नाही. एवढंच, की यावेळी ओरडले तर कुणीतरी थांबावं.

ओटीत, म्हणजे थिएटरमध्ये, आलो. तीन अँप्युल काढून ट्रेवर ठेवल्या.

तुम्हाला समजेल असं सांगतो, कारण मला पण असंच समजलंय. पहिली हेवी. म्हणजे बुपिव्हाकेन नावाचं औषध आणि त्यात साखर. साखरेमुळे ते पाठीतल्या पाण्यापेक्षा जड होतं आणि खाली जातं, सरबत न ढवळता ठेवलं तर साखर तळाशी बसते तसं. बाई बसलेली असेल तर कमरेकडे उतरतं. तिला आडवं करून टेबल डोक्याकडे जरा खाली केलं की छातीकडे सरकतं. म्हणजे त्याला हाकता येतं. दीड-दोन तास आरामात टिकतं. तोटा काय, तर बीपी धाडकन पाडतं, आणि बाईचे पाय नंतर बराच वेळ ओंडके होऊन पडतात.

दुसरी लेव्हो. हेवीच्याच घराण्यातली, पण स्वभावाने जरा गरीब, बीपीला कमी छळते असं म्हणतात. आमच्याकडे होती ती बिनसाखरेची. ती टाकली तिथे बसून राहते. वर चढेल का नाही ते तिच्या मर्जीवर. मॅडम हिला सिझरला फारसा हात लावत नाहीत.

तिसरी क्लोरो. येते झटकन, जाते झटकन. तासाभरात बाई पाय हलवायला लागते. मूळव्याध वगैरे छोट्या कामाला झकास, दुपारी माणूस घरी.

पहिलं सिझर झालेल्या बाईच्या पोटात काय चिकटून बसलंय ते उघडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. पाऊण तासात आटपेल किंवा दीड तास जाईल. म्हणजे हेवी. यात विचार करायला काही नव्हतंच. मी हेवीची अँप्युल उचलली.

"ती ठेव," सर्जन म्हणाले. ते बाजूच्या बेसिनवर हात धूत होते, कोपरापर्यंत फेस. "क्लोरो दे हिला."

"सर, रिपीट सिझर आहे."

"अरे हिरो, मी पस्तीस मिनिटांत बाहेर येतो. बाहेर रिकव्हरीत दोन खाटा आहेत, दोन्ही भरल्यात, तुझ्या हेवीवाल्या बायका पडल्यात तिथे. पाय हलत नाही तोवर वर रूममध्ये नेता येत नाही, लिफ्ट नाही माहितीये ना? पुढची केस जिन्यात बसवू काय?"

खोटं नव्हते बोलत. लिफ्ट खरंच नव्हती. सर्जन खरंच फास्ट होते, हात बघण्यासारखा होता त्यांचा. पण पस्तीस मिनिटं हा त्यांचा आवडता आकडा होता, घड्याळाचा नाही.

"सर, चिकटलेलं असलं तर वेळ जाईल. मधेच भूल उतरली तर..."

"उतरली तर वरून झोपव."

"पोट भरलंय तिचं, सर. सकाळी चहा आणि चपाती खाऊन आलीये." पोट भरलेल्या बाळंतिणीला पूर्ण झोपवणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहिती होतं. उलटी फुफ्फुसात गेली तर पुढचं बोलायलाच नको.

सर हात धूत राहिले. मग म्हणाले, "मॅडमना विचार. त्या हेवी म्हणाल्या तर दे. तू म्हणतोस म्हणून नाही."

हे असंच असतं. मी म्हटलं तर मत, मॅडम म्हणाल्या तर औषध. राग सुद्धा आला नाही, इतकी सवय झालेली. मी बाजूच्या स्टोअरमध्ये गेलो, मोबाईल काढला, मॅडमना लावला. रिंग गेली, गेली, बंद झाली. त्या विरारला केसमध्ये असणार. परत लावला. परत तेच.

ओटीच्या भिंतीवर एक लँडलाइन आहे, बेसिनच्या बाजूलाच. तिचा नंबर माझ्याकडे होता. बस, एवढंच झालं. कुणी म्हणेल तू ठरवून केलंस. नाही. मी त्या स्टोअरमध्ये कापसाच्या पोत्यावर टेकलो होतो, पाठ दुखत होती, परत जाऊन सरांशी वाद घालायचा या विचारानेच अंगातलं पाणी गेलं होतं. अंगठा आपोआप त्या नंबरवर गेला.

बाहेर फोन वाजला. सिस्टरने उचलला.

"हं," मी म्हणालो. घशातून, थोडं घोगरं. मॅडम बोलत नाहीत, बोलणं समोर आणून ठेवतात. "सरांना द्या."

सिस्टरने रिसीव्हर सरांच्या कानाला धरला असणार, कारण पाण्याचा आवाज जवळ आला.

"मॅडम? अहो तुमचा चेला..."

"हं. कळलं मला. हेवीच द्या. दोन मिली. सिझर झालेली बाई आहे, क्लोरोबिरो काही नको. कळलं?"

"बरं बरं. तुम्ही म्हणता तर..."

"हं," म्हणून मी ठेवला.

ओटीत आलो तर सर हात वर धरून उभे. "विचारलंस ना? म्हणाल्या हेवी. दे बाबा."

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. पंचवीस वर्षं त्या दवाखान्यात असलेली बाई. पूर्वी सगळ्यांना हेवी लिग्नोकेन नावाचं जुनं औषध द्यायचे, मग बायका दोन दिवस ढुंगण जळतंय म्हणून रडायच्या, हे मला त्यांनीच सांगितलेलं. त्यांनी ना हसून दाखवलं ना डोळे वटारले. अँप्युलची मान तोडायला कापसाचा बोळा माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "बाबा, देव बघतो हां." मी म्हटलं, देवाला सांगा हेवीच बरोबर आहे.

बाईला टेबलावर बसवलं, पाय खाली, पाठ माझ्याकडे. थिएटरातल्या आयाने, तिला सगळे मावशी म्हणतात, पुढून खांदे धरले. "मांजरासारखी पाठ काढा," मी म्हटलं. तिने काढली. शेतात वाकणाऱ्या बायकांची पाठ छान असते, मणके मोजता येतात. सुई गेली, स्वच्छ पाण्याचा थेंब आला, मी हेवी सोडलं. पट्टी लावली. आता लगेच आडवं करायचं, डाव्या अंगाखाली... नाही, उजव्या कुल्ल्याखाली उशी, म्हणजे पोट डावीकडे कलतं. बघा, आत्तासुद्धा गोंधळलो. रोज करतो मी हे.

आडवं करणार, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

मला नंबर बघायची गरज नव्हती. माझे मिस्ड कॉल बघून मॅडमनी आधी माझ्या मोबाईलवर लावला असणार, तो स्टोअरमध्ये पोत्यावर राहिला होता, मग इथे. सिस्टरच्या हातात निर्जंतुक ट्रे. सर फोनपासून दीड हातावर.

"मावशी, धरून ठेवा हां, हलू देऊ नका," मी म्हणालो आणि ग्लोव्हज काढत फोनवर झेप घेतली.

"हं. काय रे, दोनदा फोन? काय झालं? त्या ओटीत आहेस ना, ऐक, तिथे..."

"काही नाही, झालं, नंतर करतो," मी म्हणालो आणि ठेवून दिला. मॅडमचा फोन मी ठेवला. असं आयुष्यात केलं नव्हतं.

"कोण होतं?" सरांनी विचारलं.

"रक्तपेढीवाले," मी म्हणालो.

मग उगाच ग्लोव्हज बदलले, उगाच काहीतरी लिहिलं. वळून बघतो तर बाई अजून बसलेलीच. मावशी बिचारी मी सांगितल्याप्रमाणे तिला घट्ट धरून. किती मिनिटं गेली? दोन? तीन? साखरेचं औषध आणि बसलेली बाई. मी सांगितलंच तुम्हाला ते कुठे जातं.

आडवं केलं. बीपी लावलं. बीपी छान होतं, आणि ते छान असायला नको होतं. हेवी नीट चढलं की बीपी पडतं, बाई म्हणते मळमळतंय, आपण धावपळ करतो. इथे सगळं कसं शांत. मी खुश झालो, एवढा मी थकलो होतो. आणि स्पिरिटचा बोळा पोटापासून छातीपर्यंत फिरवून 'इथे गार लागतंय का, इथे?' असं जे विचारायचं असतं, ते मी अर्धवट केलं. बेंबीपर्यंत गेलो, ती म्हणाली गार नाय लागत, मी म्हटलं झालं. सर तोवर पोटाला औषध फासून हिरव्या चादरी टाकून मोकळे झाले होते.

सरांनी चिमट्याने कातडी धरली. आधी खाली, मग वर.

"लागतंय," बाई म्हणाली.

"दाबल्यासारखं लागणार," सर म्हणाले.

"नाय. चिमटा लागतोय. टोचतंय."

"अहो, दुखणार नाही. मॅडमनी सांगितलेला डोस आहे. त्या काय आजच्या आहेत? दुखणार नाही. सिस्टर, ब्लेड."

बाईने डोकं मागे करून माझ्याकडे बघितलं. मी तिच्या डोक्याशी उभा असतो, त्यामुळे तिला मी उलटा दिसत असणार. ती ओरडली नाही. नुसतं बघत होती.

"सर, थांबा," मी म्हणालो.

"अरे घाबरलीये ती. बोलत राहा तिच्याशी."

"सर, थांबा. वर चढलेलं नाहीये."

"मॅडमनी दोन सांगितलं ना? दोन मिलीत न चढायला काय ही ताडाचं झाड आहे? ब्लेड द्या हो."

ब्लेड आलं. आणि मजा बघा, म्हणजे मजा नाही, पण बघा. त्या क्षणी माझ्या घशात तयार होता तो. "हं. थांबा." मॅडमच्या आवाजात. समोर काढायची सोय नव्हती, पण घसा तयार होता. कारण माझ्या स्वतःच्या आवाजातलं 'थांबा' दोनदा बोलून झालं होतं आणि ते कुणाला ऐकूच आलं नव्हतं. मॅडमची वजनदार दोन मिली मीच सरांच्या कानात घातली होती, आता ती त्या बाईच्या पोटावर बसली होती.

"सर, फोनवर मॅडम नव्हत्या. मी होतो."

"काय?"

"मी त्यांचा आवाज काढला. स्टोअरमधून. डोस त्यांनी नाही सांगितला, मी सांगितला. आणि ते चढलेलं नाही. हात काढा प्लीज."

सर तसेच उभे. ब्लेड हवेत. सिस्टर भिंतीकडे बघायला लागल्या, जणू तिथे काही लिहिलंय.

सरांनी ब्लेड ट्रेमध्ये ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"काय करायचं ते कर," ते म्हणाले आणि दोन्ही हात छातीशी धरून एक पाऊल मागे गेले.

मी टेबलाची दांडी फिरवायला घेतली. जुनं टेबल, दांडी अडते. डोक्याकडची बाजू हळूहळू खाली. मानेखाली उशी वाढवली, म्हणजे औषध मानेकडे जायला नको. मग थांबायचं. करण्यासारखं दुसरं काही नसतं. माझे पाय दुखत होते, सरांकडे बघवत नव्हतं, घड्याळाकडे बघितलं तर काटा हलायला तयार नव्हता.

"फोनवर तुमी होते?" खालून बाईने विचारलं.

"हो."

"बाईचा आवाज काढून?"

"हो."

"मंग आत्ता बोलताय ते तरी तुमीच ना?"

मावशी फिस्स करून हसल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, "मीच. आता मीच."

बोळा घेतला. स्पिरिट लावलं. बेंबी, गार नाही. बरगडी, गार नाही. छातीची बोंडं, तिथे ती म्हणाली, "आता नाय लागत. वर लागतंय, गल्याजवल." आणि पाठोपाठ, "डॉक्टर, मना कसंतरी होतंय." बीपी पडलं. आयुष्यात पहिल्यांदा पडलेलं बीपी बघून मला बरं वाटलं. औषध दिलं, पाणी सोडलं, उलटीचा ट्रे धरला, टेबल सरळ केलं. दोन मिनिटांत तिचा रंग परत आला.

"सर, चिमटा लावून बघा. सगळीकडे."

त्यांनी लावला. खाली, वर, बाजूला. मी तिला विचारलं, कुठे लागतंय? ती म्हणाली, "लावला का?"

मग त्यांनी सुरू केलं.

बाळ पटकन आलं. मुलगी. रडली ती इतकी खणखणीत की सिस्टर म्हणाल्या हिला भजनमंडळात घाला. पण आत सगळं एकमेकांना चिकटलेलं होतं, मूत्राशय वर ओढलेलं. सर एकेक सोडवत राहिले. पाऊण तास झाला. तास झाला. बाई मधे मधे विचारायची, "अजून चालू हाय?" मी म्हणायचो, आहे. "बरं," म्हणायची. एकदा ओढल्यासारखं लागतंय म्हणाली, सर स्वतः थांबले, मी न सांगता. एक तास वीस मिनिटांनी शेवटचा टाका पडला. तेव्हा सर मास्कच्या आतून म्हणाले, "क्लोरो असतं तर..." आणि पुढचं गिळलं. मला वाटलं आता माफी मिळाली. ग्लोव्हज काढता काढता त्यांनी सिस्टरना सांगितलं, "मॅडमना फोन लावा. खऱ्या."

साडेचारला मॅडम आल्या. वर आल्या नाहीत. दवाखान्याखाली गाडी लावली, काच खाली केली आणि मला बोलावून घेतलं. बसायला सांगितलं नाही. मी उन्हात उभा, त्या आत एसीत. दुसरा कुणी उभा असता तर म्हटलं असतं, वा, काय सीन आहे.

"किती वेळ बसवून ठेवलीस तिला?"

"दोन... तीन मिनिटं."

"माझा फोन कट करायला."

"हो."

"मी काय सांगायला फोन केला होता माहितीये? त्या ओटीतलं टेबल पायाकडे उतरतं. दिसत नाही डोळ्याला, पण उतरतं. तिथे हेवी दिलं की लगेच आडवी करायची आणि आधीच दांडीचे दोन फेरे डोक्याकडे मारायचे. दहा वर्षं मी मारतेय. हे सांगत होते, तर तू म्हणालास 'झालं'."

मी वर ओटीच्या खिडकीकडे बघितलं.

"आणि डोस सांगितलास तू. फोनवर. माझ्या आवाजात." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मी आजवर कुणाला फोनवर डोस सांगितलाय? बाई बघितली नाही, उंची बघितली नाही, पाठ बघितली नाही, मी मिली सांगेन? त्या सरांना सुद्धा कळलं नाही, ते एक असो. पण तू? दीड वर्ष माझ्यामागे फिरतोयस. माझा घसा उचललास, माझं 'हं' उचललंस, आणि एवढं नाही कळलं तुला? कसली नक्कल करतोस तू, गाढवा?"

"पण मॅडम, हेवीच बरोबर होतं ना?"

"होतं! मग तुझ्या तोंडाने सांगायचं! सर ओरडले असते, ओरडू दे. केस सोडून जातो म्हणायचं. माझ्या फोनसाठी पाच मिनिटं थांबा म्हणायचं. ती बाई टेबलावर आहे, ती पण जागी आहे, तिला विचार. हे सगळं जड होतं म्हणून माझ्या गळ्यात घातलंस? तिला कापलं असतं ना, तर ती जन्मभर म्हणाली असती की बाईचा फोन आला होता, बाईनेच सांगितलं. मी. जिने तिला बघितलं पण नाही."

मला वाटलं संपलं. त्यांनी काच वर करायला घेतली, परत खाली केली.

"पंधरा दिवस एकटा कुठे जायचं नाहीस. माझ्याबरोबर. प्रत्येक बाईला बोळा लावून वरपर्यंत तपासायचं आणि मला लिहून दाखवायचं, कुठे गार, कुठे नाही. सरांना माफीचा फोन आज रात्री नाही, उद्या सकाळी करायचा, ते झोपून उठले की. आणि आत्ता वर जा. तिला विचार चिमटा लागला तेव्हा नक्की कुठे लागला, बोट ठेवून दाखव म्हणावं. सर काय म्हणाले, सिस्टर काय म्हणाल्या, मला नकोय. ती काय म्हणते ते घेऊन ये. आणि तोंड धू आधी, मेल्यासारखा दिसतोयस, घाबरेल ती. अजून इथेच उभा? जा."